ताण हिमालयाचा, भेग वारणेची: कोल्हापूरला जाणवणारे भूकंप समजून घेताना

शाहूवाडी, पन्हाळा, शिराळा, पाटण या पट्ट्यात भूकंपाचा धक्का ही काही अनोळखी गोष्ट नाही. एखाद्या रात्री फळीवरची भांडी वाजतात, पत्रा थरथरतो आणि सकाळी पेपरात चार ओळींची बातमी येते: कोयना परिसरात सौम्य धक्का, केंद्रबिंदू वारणा खोऱ्यात, तीव्रता इतकी-इतकी रिश्टर. मग कोल्हापुरात दिवसभर त्यावर बोलणं चालतं आणि त्यात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "धरणामुळं होतंय सगळं." दुसरं, "बारके धक्के बसलेले बरे, ताण निघून जातो." पहिलं वाक्य अर्धं खरं आहे. दुसरं जवळजवळ पूर्ण चुकीचं आहे, आणि त्यातून मिळणारा दिलासा धोक्याचा आहे.

हे नीट कळायचं तर धरणाच्या भिंतीपाशी सुरुवात करून चालत नाही, बरंच मागे आणि बरंच खोल जावं लागतं. आपल्याकडच्या भूकंपात खडकावरचा ताण येतो तो मुख्यतः हिमालयाकडच्या रेटारेटीतून. तो ताण जिथे मोकळा होतो ती भेग आपल्या सह्याद्रीखालची, बेसॉल्टच्या म्हणजे आपल्या काळ्या दगडाच्याही आधीच्या खडकातली. आणि ती भेग कधी सरकेल यात पाण्याचा हात असतो. या तिन्ही गोष्टी एकत्र पाहिल्याशिवाय कोयनेचं कोडं सुटत नाही.

पायाखालची जमीन चालते

पृथ्वीच्या पोटात लाव्हाचा समुद्र आहे आणि त्यावर खंड तरंगतात, असं चित्र बहुतेकांच्या डोक्यात असतं. ते आधी पुसून टाकायला हवं. आपल्या पायाखाली सुमारे २,९०० किलोमीटर खोलीपर्यंत जवळजवळ सगळा खडक घनच आहे. हे खोदून कुणी पाहिलेलं नाही. भूकंपाच्या लहरींनीच ते सांगितलं. त्या लहरींचा एक प्रकार असा आहे की तो द्रवातून पुढे जाऊच शकत नाही. तो प्रकार प्रावरणातून, म्हणजे कवचाखालच्या या जाड थरातून, व्यवस्थित आरपार जातो. त्याखालच्या बाह्य गाभ्याशी मात्र तो अडतो, कारण तिथे वितळलेलं लोखंड आहे.

घन असलं तरी प्रावरण इतकं तापलेलं आहे की लाखो वर्षांच्या हिशेबात ते हळूहळू वाहतं. त्याच्यावरचा थंड, ताठर थर साधारण १०० किलोमीटर जाडीचा आहे, कुठे कमी तर कुठे जास्त. हा थर अखंड नाही, त्याचे मोठे मोठे तुकडे आहेत. त्यांनाच प्लेट किंवा भूपट्ट म्हणतात. भूपट्ट म्हणजे नुसती जमीन नव्हे. आपला भारतीय भूपट्ट हिमालयाच्या पायथ्यापासून थेट हिंदी महासागराच्या मध्यापर्यंत पसरलेला आहे; अरबी समुद्राचा बराचसा तळही त्यातच येतो.

हे तुकडे सरकतात कशाने? महासागराच्या मध्यावर डोंगरांच्या रांगा आहेत. तिथे भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात आणि त्या फटीत नवा खडक तयार होतो. हा खडक जुना होता होता थंड आणि जड होत जातो, आणि शेवटी एखाद्या सीमेवर दुसऱ्या भूपट्टाखाली वाकून प्रावरणात बुडायला लागतो. बुडणारं टोक मागच्या अख्ख्या भूपट्टाला ओढतं. भूपट्टांच्या हालचालीमागचा सगळ्यात मोठा जोर हाच आहे, असं आज मानलं जातं. काही सीमांवर भूपट्ट समोरासमोर धडकतात, काही ठिकाणी नुसते एकमेकांना घासत आडवे जातात. जगातले बहुतेक मोठे भूकंप या सीमांवरच होतात. २००४ च्या २६ डिसेंबरला सुमात्राजवळ ९.१ तीव्रतेचा जो भूकंप झाला आणि त्सुनामी आली, तोही एक भूपट्ट दुसऱ्याखाली जातो त्याच सीमेवरचा.

१९१२ मध्ये आल्फ्रेड वेगेनर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने खंड सरकतात असं मांडलं, तेव्हा बऱ्याच भूशास्त्रज्ञांनी ते उडवून लावलं. पुरावे त्याच्याकडे होते. ग्लॉसॉप्टेरिस नावाच्या लुप्त वनस्पतीचे जीवाश्म आपल्या चंद्रपूरकडच्या कोळशाच्या थरांत मिळतात, तसेच आफ्रिकेत, दक्षिण अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात आणि अंटार्क्टिकावरही मिळतात. मधे हजारो किलोमीटर समुद्र असताना हे कसं? पण खंड हलवणारा जोर कोणता, याचं पटेल असं उत्तर त्याला देता आलं नाही. १९३० मध्ये ग्रीनलंडच्या बर्फात त्याचा मृत्यू झाला. त्यानंतर वीसेक वर्षांनी मेरी थार्प या अमेरिकन भूशास्त्रज्ञ बाईंनी जहाजांनी मोजलेल्या खोलीच्या आकड्यांवरून अटलांटिकच्या तळाचा नकाशा काढला, तेव्हा समुद्रतळाच्या डोंगररांगेच्या मधोमध त्यांना खोल दरी दिसली. समुद्राचा तळ फाकतो आहे याची ती खूण होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत हॅरी हेस यांची समुद्रतळ पसरण्याची कल्पना आणि तळाच्या खडकांतले चुंबकीय पट्टे यांनी वेगेनरचं मूळ म्हणणं सिद्ध करून टाकलं.

अंबाबाईच्या देवळाचा दगड कुठून आला

या सगळ्यात आपल्या काळ्या दगडाचंही एक काम आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. अंबाबाईच्या देवळापासून नदीवरच्या घाटापर्यंत कोल्हापूरने जो दगड वापरला तो बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून हा लाव्हा थरावर थर पसरत गेला. आज त्याने सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर जागा व्यापली आहे, आणि मुळात तो याहून बराच अधिक पसरलेला होता. पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा डोंगर लांबून पाहिला की टप्प्याटप्प्याने चढत गेलेल्या कडा दिसतात. त्या या थरांच्या कडा आहेत. पन्हाळ्याच्या माथ्यावरचा आणि मसाई पठारावरचा तांबूस जांभाही याच बेसॉल्टपासून झालेला. उष्ण हवामानात पावसाने लाखो वर्षं धुऊन धुऊन त्याचं रूप बदललं.

लाव्हा थिजतो तेव्हा त्यातल्या लोहयुक्त खनिजांच्या कणांवर त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कायमची उमटते. विषुववृत्ताजवळ ही दिशा जमिनीला जवळपास समांतर असते, ध्रुवाकडे जाल तशी ती कलत जाते. त्यामुळे दगडातला कल मोजला की तो कोणत्या अक्षांशावर थिजला ते कळतं. १९५० च्या दशकात लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या संशोधकांनी दख्खनच्या बेसॉल्टवर ही मोजणी केली. उत्तर आलं ते दक्षिण गोलार्धातलं! हा दगड जिथे थिजला ती जागा विषुववृत्ताच्या पलीकडे होती. आज ज्या रियुनियन बेटावर ज्वालामुखी जागा आहे, त्याच उष्णस्रोतावरून, म्हणजे प्रावरणातून तापलेला खडक सतत वर येतो त्या जागेवरून, आपला भूपट्ट त्या काळी जात होता. तिथून इथपर्यंत चार-पाच हजार किलोमीटरचा प्रवास या दगडाने केला आहे. रंकाळ्याच्या कठड्यावर बसणाऱ्या प्रत्येक कोल्हापूरकराला हे माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

भारत त्या काळात वर्षाला १५ सेंटिमीटरहूनही अधिक वेगाने उत्तरेकडे येत होता. भूपट्टांच्या मानाने हा वेग फारच मोठा. सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वी तो आशियाला धडकला. मधल्या समुद्राचा तळ चुरगळून वर आला. एव्हरेस्टच्या शिखरावर आजही समुद्रात साचलेला चुनखडक आहे. धडकेनंतर वेग मंदावला, पण भारत थांबला नाही. आज उपग्रहांच्या मदतीने मोजलं तर तो वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. ऐकायला किरकोळ वाटतं. पण याच वेगाने दहा लाख वर्षांत ५० किलोमीटर होतात, म्हणजे कोल्हापूर ते सांगली. यातले वर्षाला सुमारे २ सेंटिमीटर एकट्या हिमालयाच्या पट्ट्यात दाबले जातात, बाकीचे तिबेट आणि त्यापलीकडे जिरतात.

इथे एक गोष्ट सहज निसटते. धडक हिमालयात आहे म्हणून दाब फक्त हिमालयातच आहे, असं नाही. भूपट्ट ताठर असतो. त्याचं उत्तर टोक अडलेलं आहे आणि मागून रेटा चालूच आहे, त्यामुळे दाब साऱ्या भूपट्टात पसरतो. सह्याद्रीखालचा खडकही तो सोसतो आहे. एखादी जुनी, कमजोर भेग वाटेत आली की हा दाब तिथे गोळा होतो. १९९३ मध्ये किल्लारी, १९९७ मध्ये जबलपूर आणि त्यांच्या कितीतरी आधी कोयना, हे सगळे भूपट्टाच्या आतल्या भागातले भूकंप आहेत.

शेतात उभा ऊस दोन हातांत धरून गुडघ्यावर वाकवून पाहा. आधी तो नुसता वाकतो, सोडला तर पुन्हा सरळ होतो. जोर वाढवत नेला की एका क्षणी कट्कन मोडतो आणि हाताला झिणझिण्या येतात. हातातला जोर त्या क्षणी आलेला नसतो. वाकवताना तो उसात साठत गेलेला असतो. खडकाचंही असंच आहे. भेगेच्या दोन्ही बाजू घर्षणाने एकमेकींना धरून असतात, भोवतालचा खडक वर्षानुवर्षं हळूहळू वाकत राहतो, आणि घर्षण हरलं की दोन्ही बाजू काही सेकंदांत सरकतात. साठलेली शक्ती लहरींच्या रूपाने सुटते. १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपात भेगेच्या आरपार गेलेली कुंपणं कित्येक फूट सरकलेली दिसली. ते पाहून हॅरी रीड या अमेरिकन संशोधकाने ही उपपत्ती मांडली, आणि आजही तिचा गाभा तोच आहे.

कोयना, वारणा आणि पाणी

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर हादरलं. तीव्रता ६.३. दोनशेच्या आसपास माणसं गेली, कोयनानगरातली बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. १०३ मीटर उंचीच्या धरणाच्या भिंतीला तडे गेले, पण भिंत उभी राहिली. पुढे ती आणखी मजबूत करण्यात आली. धक्का मुंबई, पुणे, गोव्यापर्यंत जाणवला. त्याआधी तीनच महिने, १३ सप्टेंबरला, पाचहून मोठा एक धक्का येऊन गेला होता.

तोपर्यंत दख्खनचं पठार म्हणजे जुना, घट्ट, निश्चल खडक असं पुस्तकात लिहिलेलं असे. कोयनेने ते खोटं ठरवलं आणि १९७० मध्ये देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा बदलावा लागला.

शिवाजीसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या तलावात, पाणी अडवायला सुरुवात झाली ती १९६०-६२ च्या सुमारास, आणि लगेचच बारीकसारीक धक्के सुरू झाले. ते आजवर थांबलेले नाहीत. जगात धरण भरल्यावर भूकंप सुरू झाल्याची उदाहरणं बरीच आहेत. झांबिया-झिम्बाब्वेच्या सीमेवरचं करिबा, ग्रीसमधलं क्रेमास्ता आणि चीनमधलं शिनफेंगजियांग इथे सहाहून मोठे भूकंप झाले. पण बहुतेक धरणांजवळ काही वर्षांत शांतता येते. कोयना सहा दशकं झाली तरी शांत झालेली नाही. १९८५ च्या सुमारास चांदोलीला वारणा नदीवरचं धरण भरू लागलं आणि १९९३-९४ मध्ये पाचच्या आसपासचे धक्के दक्षिणेला, वारणेच्या बाजूला बसले. म्हणजे भूकंपाचा पट्टा आपल्या शाहूवाडीकडे सरकला. सगळा मिळून हा पट्टा साधारण २० किलोमीटर रुंद आणि ३० किलोमीटर लांब आहे. त्याबाहेर फारसं काही घडत नाही. जगभरच्या संशोधकांना कोयनेत रस आहे तो याचसाठी: इतक्या छोट्या जागेत, इतक्या कमी खोलीवर, इतकी वर्षं चाललेले भूकंप दुसरीकडे मिळत नाहीत.

मग धरणानेच भूकंप आणला का? हिशेब करून पाहू. कोयनेत १०५ टीएमसी पाणी मावतं, म्हणजे जवळजवळ ३०० कोटी टन. हा आकडा छाती दडपवणारा आहे. पण खडकाला वजनापेक्षा दाब कळतो. १०० मीटर खोल पाण्याचा तळाशी पडणारा दाब हवेच्या दाबाच्या सुमारे दहापट. आता ५ किलोमीटर खोलीवरचा खडक घ्या. त्याच्यावर नुसत्या वरच्या खडकाचाच दाब हवेच्या दाबाच्या तेराशेपट आहे. तेराशेमध्ये दहाची भर पडून ६.३ चा भूकंप तयार होत नाही. एवढी शक्ती आणली ती भूपट्टाच्या रेट्याने, आणि ती साठायला फार मोठा काळ लागला.

पाणी काम करतं ते वेगळ्या वाटेने. भेगा आणि सांध्यांतून ते खोल झिरपतं. खडकातल्या बारीक जागांत आधीपासून असलेल्या पाण्यावरही तलावाचा दाब पोचतो. भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींवर जितक्या घट्ट दाबलेल्या, तितकं घर्षण जास्त. मधल्या पाण्याचा दाब वाढला की तो दोन्ही बाजूंना आतून ढकलतो, पकड सैल होते, घर्षण कमी पडतं. जी भेग सरकण्याच्या बेतात आलेली असते तिला एवढं पुरतं. जी त्या बेतात नसते तिला काहीही होत नाही. म्हणूनच देशातल्या शेकडो धरणांखाली काहीच घडत नाही. पाणी झिरपायला आणि दाब खोलवर पोचायला वेळ लागतो, म्हणून पावसाळ्यात धरण भरल्यावर काही आठवड्यांनी-महिन्यांनी धक्के वाढतात. तलाव किती झपाट्याने भरला, पातळी किती उंच गेली आणि ती किती दिवस तशीच राहिली, हे तिन्ही महत्त्वाचं ठरतं, असं कोयनेच्या दीर्घ अभ्यासातून दिसलं आहे. हर्ष गुप्ता यांच्यासारख्या भूभौतिकशास्त्रज्ञांनी आयुष्यातली कितीतरी वर्षं या एका प्रश्नाला दिली.

म्हणून "धरणामुळं होतंय" हे अर्धं खरं. धरणाने भूकंप निर्माण केला नाही, त्याची वेळ जवळ आणली.

हे सगळं जमिनीवरून अंदाज बांधून सांगण्यापेक्षा खाली उतरून पाहावं, म्हणून केंद्र सरकारच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाने कराडला एक खास संशोधन केंद्र उभारलं आणि कोयनेच्या दक्षिणेला गोठण्याजवळ तीन किलोमीटर खोल विंधनविवर घेतलं. सव्वा किलोमीटरपर्यंत आपला ओळखीचा बेसॉल्ट लागला आणि त्याखाली थेट ग्रॅनाइट-नाइस हा कठीण खडक, अडीचशे कोटी वर्षांहून जुना. एवढ्या प्रचंड काळाचा मधे दुसरा कसलाच थर नाही. तीन किलोमीटर खोलीवरही भेगा सापडल्या, आणि त्यात मुळात पावसाचंच असलेलं पाणी सापडलं. कोयना-वारणेचे भूकंप या ग्रॅनाइटात, बहुतेक दहा किलोमीटरच्या आत होतात. बेसॉल्ट हे वरचं झाकण. खरी भेग त्या जुन्या खडकात, लाव्हाच्या कितीतरी आधीची. १९६७ ला याच खडकातल्या एका उभ्या भेगेच्या दोन्ही बाजू आडव्या सरकल्या.

सात सेकंद

भेग सरकली की दोन प्रकारच्या लहरी खडकातून निघतात. पहिली लहर खडकाला पुढे-मागे दाबत, सेकंदाला साधारण ६ किलोमीटर वेगाने येते. दुसरी खडकाला आडवं हलवत येते. तिचा वेग साडेतीन किलोमीटर. नुकसान करते ती मुख्यतः दुसरी आणि तिच्या मागून जमिनीलगत येणाऱ्या लहरी.

वारणा धरण कोल्हापूर शहरापासून सरळ रेषेत साठ-पासष्ट किलोमीटरवर आहे. तिथे भेग सरकली तर पहिली लहर आपल्याकडे दहा-अकरा सेकंदांत पोचते. एक हलका गचका, काचेची किणकिण, काही वेळा जमिनीतून आल्यासारखी घरघर. त्यानंतर सुमारे सात सेकंदांनी खरी डोलणारी हालचाल. कोयनानगर नव्वदेक किलोमीटरवर आहे. तिथून आला तर मधलं अंतर अकरा सेकंदांच्या आसपास. दोन्हींमधले सेकंद मोजून त्याला आठने गुणलं की केंद्र किती किलोमीटरवर होतं त्याचा अंदाज येतो. वेधशाळेतही मूळ तत्त्व हेच आहे. तीन ठिकाणांहून अंतरं काढली की केंद्रबिंदू नक्की होतो.

अनेक देशांतली भूकंपाची आगाऊ सूचना याच सेकंदांवर चालते. केंद्राजवळचं यंत्र पहिली लहर टिपतं आणि दुसरी लहर पोचायच्या आत विजेच्या वेगाने निरोप पुढे जातो. पण भूकंप सुरू झाल्यावर दिलेली सूचना आणि भूकंपाचं भाकीत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमुक तारखेला, अमुक ठिकाणी, एवढ्या तीव्रतेचा भूकंप होणार हे जगात कुणालाही सांगता येत नाही. रात्री बारानंतर मोठा धक्का बसणार असा निरोप व्हॉट्सॲपवर आला तर तो खोटा आहे, एवढं डोळे मिटून समजावं.

आता पेपरातल्या रिश्टरच्या आकड्याकडे येऊ. चार्ल्स रिश्टर यांनी ही पद्धत १९३५ मध्ये मांडली; आज संशोधक तिची सुधारलेली मोजपट्टी वापरतात, पण बोलताना नाव त्यांचंच राहिलं. हा आकडा उगमापाशी किती शक्ती सुटली ते सांगतो. तुमच्या घरात किती हललं ते सांगत नाही. आकडा एकाने वाढला की लहरीची उंची दहापट होते आणि शक्ती सुमारे बत्तीसपट. दोनने वाढला तर शक्ती हजारपट. ३.३ आणि ६.३ मध्ये फरक आहे सुमारे बत्तीस हजारपटींचा.

"बारके धक्के बसलेले बरे" या वाक्याचं इथे काय होतं ते पाहा. १९६७ च्या एका भूकंपाइतकी शक्ती ३.३ च्या धक्क्यांनी बाहेर पडायची तर तसे बत्तीस हजार धक्के लागतील. रोज एक म्हटला तरी जवळजवळ नव्वद वर्षं. छोट्या धक्क्यांनी मोठा ताण निघून जात नाही. उलट त्यांचा अर्थ एवढाच की भेग अजून जागी आहे आणि भूपट्टाचा रेटा चालू आहे.

माणूस मरतो तो घराखाली

किल्लारीचा भूकंप कोयनेच्याच तोडीचा होता, ६.२ चा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. कोयनेला दोनशेच्या आसपास माणसं गेली, किल्लारीला आठ ते दहा हजारांच्या घरात. फरक वस्तीच्या दाटीचा होता, तसाच तो घरांचा होता. दीड-दोन फुटांहून जाड, ओबडधोबड दगडाच्या, मातीत रचलेल्या भिंती आणि वर धाब्याचं मातीचं जड छत. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या थराला बांधून ठेवणारा आरपार दगड नव्हता, त्यामुळे जमीन आडवी हलताच दोन्ही थर फुगून सुटले आणि छत झोपलेल्या माणसांवर आलं.

भूकंपप्रवण क्षेत्रांच्या २००२ च्या नकाशात कोयनेचा पट्टा चौथ्या क्षेत्रात आणि पश्चिम महाराष्ट्राचा मोठा भाग तिसऱ्या क्षेत्रात येतो. त्यात पाचवं क्षेत्र सर्वांत धोक्याचं, म्हणजे आपण मधले. किल्लारी तर तिथल्या भूकंपाच्या वेळच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या क्षेत्रात होती. भूकंप झाल्यानंतर २००२ मध्ये ते पहिलं क्षेत्रच नकाशातून काढून टाकण्यात आलं.

घर कशावर उभं आहे यानेही फरक पडतो. मुरूम आणि पक्क्या खडकावर हादरा लवकर ओसरतो. नदीकाठच्या गाळाच्या जाड थरात तो वाढतो आणि लांबतो. १९८५ मध्ये मेक्सिको सिटी उद्ध्वस्त झाली तेव्हा भूकंपाचं केंद्र तिथून साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर होतं, पण शहर जुन्या तळ्याच्या चिखलावर वसलेलं होतं. पंचगंगेच्या पूरक्षेत्रातल्या गाळावर आज जी बांधकामं उभी राहताहेत, त्यांच्याबाबत याचा विचार झालाच पाहिजे.

आणि तिथे एक पेच आहे. २०१९ आणि २०२१ चा पूर पाहिल्यावर खालचा मजला मोकळा ठेवावा, पार्किंग करावं, राहायचं ते वरून, असं कुणालाही वाटेल. पुराच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. पण वर भिंतींनी भरलेले मजले आणि खाली नुसते कॉलम, ही रचना भूकंपात सर्वांत कच्ची ठरते. सगळी हालचाल त्या एका कमजोर मजल्यात एकवटते. २६ जानेवारी २००१ ला भूजला भूकंप झाला आणि दोनशेहून अधिक किलोमीटरवरच्या अहमदाबादेत अशाच मोकळ्या तळमजल्याच्या अनेक इमारती बसल्या. पूर आणि भूकंप दोन्ही सांभाळता येतात, अशक्य काही नाही: खालच्या मजल्याचे कॉलम वरच्यांपेक्षा दणकट हवेत, आणि काही जागी पायापासून वरपर्यंत जाणाऱ्या काँक्रीटच्या भिंती हव्यात. त्यासाठी इंजिनिअरला नकाशाच्या टप्प्यावरच सांगावं लागतं.

गावाकडच्या एकमजली घराला तर थोडक्यात पुष्कळ साधतं. दारं-खिडक्यांच्या वर, सगळ्या भिंतींवरून सलग फिरणारी, सळई घातलेली काँक्रीटची पट्टी चारही भिंतींना एकत्र बांधते. ती मधेच तुटली तर उपयोग संपला. कोपऱ्यात उभ्या सळया असाव्यात. दार कोपऱ्याला चिकटून नसावं. दगडी भिंत असेल तर थोड्या थोड्या अंतरावर आरपार दगड.

धक्का बसत असताना इमारतीच्या जिन्याकडे धावू नये. भक्कम टेबलाखाली बसावं, डोकं झाकावं, टेबलाचा पाय धरून ठेवावा. दगडमातीचं घर असेल आणि दार दोन पावलांवर असेल तर बाहेर पडलेलं बरं. उंच कपाट आणि गॅसचं सिलिंडर भिंतीला पक्कं करणं हे काम आजच करता येतं.

कॉलमच्या रिंगा, म्हणजे उभ्या सळयांभोवती बांधलेली आडवी कडी, मात्र वेळेवरच पाहाव्या लागतात. रिंगेची टोकं नुसती काटकोनात वाकवलेली असतील तर मोठ्या हादऱ्यात ती उघडतात आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोकं आतल्या काँक्रीटमध्ये तिरकी वळवलेली हवीत आणि कॉलमच्या वरच्या-खालच्या टोकाला रिंगा जवळजवळ हव्यात. गवंड्याला यासाठी थोडी अधिक सळई आणि थोडा अधिक वेळ लागतो. काँक्रीट ओतण्याआधी, सळया उघड्या असतानाच, स्वतः साइटवर जाऊन हे पाहून घ्या. एकदा काँक्रीट पडलं की आत काय आहे ते दिसत नाही.